चाळीस पांढरे, साठ काळे

“चाळीस म्हणजे पास,” पप्पा म्हणाले आणि दवाखान्यासमोरच्या दुकानातून त्यांनी अर्धा किलो पेढे घेतले.

आम्ही कोल्हापुरात होतो. पप्पा, मम्मी, मी आणि जिच्या कॅन्सरचे हे पेढे होते ती हौसाआत्ती. आत्ती दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून तिथल्या नर्सला सांगत होती, की तुमच्या भिंतीचा रंग बघूनच धडधाकट माणूस आजारी पडंल.

आत्ती पप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा वारला, तशी ती आजऱ्याला माहेरी आली. अंगावरचं सोनं मोडून तिनं चटणी कांडायचं यंत्र घातलं आणि त्या यंत्रावर धाकट्या भावाला वाढवलं. पप्पांचं मोबाईलचं दुकानसुद्धा तिच्या चटणीतूनच उभं राहिलं. त्यामुळे आमच्या घरात शेवटचा शब्द तिचा असायचा. पहिलाही तिचाच, आणि मधलेही बरेचसे. यंत्राच्या मुसळांपेक्षा तिची जीभ जोरात पडायची. पाहुण्यांना जेवायला वाढताना ती मम्मीच्या चपात्यांकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, “ह्यो घ्या महाराष्ट्र, आणि ह्यो कर्नाटक.” मला ती ‘मुकी’ म्हणायची. समृद्धी हे माझं नाव तिनं कधी तोंडात घेतलं नाही.

मी खरंच बोलायचे नाही तेव्हा. आता हे कुणाला सांगितलं तर लोक हसतात. आता मी बारावीत आहे, आणि माझं तोंड बंद राहावं म्हणून सर मला तासाच्या मध्येच फळा पुसायला उठवतात. पण तेव्हा मी सातवीत होते, आणि मोठ्या माणसांत बसले की खुर्चीच्या अभ्र्यासारखी होऊन जायचे. डॉक्टरांच्या केबिनमध्ये मी शिरले आणि शेवटपर्यंत बसून राहिले, ते त्यामुळेच. मी आत आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

डॉक्टर इनामदार बाई तशा सावकाश बोलणाऱ्या. त्या आधी म्हणाल्या, की पेशंटलाही आत बोलवा. पप्पा म्हणाले, नको, ती घाबरंल. आत्तीनं एकदा मिरचीच्या पोत्यामागे निघालेला नाग खराट्यानं ढकलत परसाबाहेर नेला होता, वाटेत त्याला शिव्या देत. पण डॉक्टरांना हे माहीत नव्हतं, आणि मी मुकी होते.

मग डॉक्टरांनी सांगितलं. आधीची दोन औषधं आता काम करत नाहीत. छातीतला आजार यकृतात पोचलाय. मुंबईत एक नवीन औषध सुरू झालंय. “ज्या बायकांना ते दिलं,” त्या म्हणाल्या, “त्यांतल्या शंभरातल्या साधारण चाळीस जणींना गुण आला. गुण म्हणजे गाठी लहान झाल्या. आजार गेला असं नाही. कुणाला वर्षभर बरं गेलं, कुणाला दोन-तीन महिने. हौसाबाईंना गुण येईल का, आणि आला तर किती टिकेल, हे मला सांगता येणार नाही. औषधच नवीन आहे, त्यामुळे अजून कुणालाच सांगता येणार नाही.”

मला हे सगळं शब्दाला शब्द आठवतं. पप्पांच्या कानात मात्र त्यातले दोनच शब्द शिरले. एक ‘नवीन’. मोबाईलवाल्या माणसाला नवीन म्हटलं की पुढचं ऐकावं लागत नाही. आणि दुसरा ‘गुण’. औषधाला येतो तोही गुण, आणि पेपरात पडतात तेही गुणच. चाळीस टक्के गुण. पस्तीसला पास. पप्पा स्वतः दहावीला अडतीस टक्क्यांवर सुटले होते, आणि ते त्यांनी तिथल्या तिथे डॉक्टरांना सांगितलंसुद्धा. डॉक्टर म्हणाल्या, हे पास-नापास असं नाही हो. पप्पा म्हणाले, “मॅडम, आज माझी दोन दुकानं हायत.”

बाहेर आल्यावर पप्पांनी आत्तीच्या तोंडात पेढा घातला. मागच्या औषधानं तिची चव गेली होती, ती अजून परत आली नव्हती. तिनं पेढा चावला, गिळला आणि शाडू खाल्ल्यागत लागतोय म्हणाली.

“चाळीस टक्के गुण हायत अक्का,” पप्पा म्हणाले.

“कुणाला? मला का औषधाला?”

मम्मीनं पेढ्यांचा पुडा बंद केला आणि पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्तीनं मला कांडपाच्या शेडमध्ये बोलावलं. शिमगा झाला होता, म्हणजे मिरचीचा ऐन हंगाम. दारापाशी पोत्यांची रांग, आणि हवेत असा खाट की नवखा माणूस आत शिरला तर पोलिसांनी अश्रुधूर सोडल्यासारखा पळत सुटेल. आत्ती त्यात खुर्ची टाकून बसायची. तिनं यंत्र बंद केलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

“मुके, तू आत हुतीस न्हवं? डॉक्टरीण काय म्हणाली त्ये सांग. तुजा बाप पेढं वाटतोय, तवा कायतर वंगाळच आसंल.”

मी आधी गप्प राहिले. तिनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो आठवडाभर हिरवा होता. मग मी सांगितलं. गुण म्हणजे गाठी लहान होणं, एवढंच. शंभरात चाळीस. ती म्हणाली, चाळीस म्हंजे अर्ध्याच्या आतबाहेर, मग मी निम्मी बरी हुणार व्हय? मी म्हणाले, नाही, तसं नाही. ती म्हणाली, मग कसं? आणि तिथे माझी गाडी अडली, कारण आम्हाला शेकडेवारी बाईंनी आंब्यांवर शिकवली होती, आणि आंबा काय, नासका निघाला तर फेकून देता येतो.

मग मला चिंचोक्यांचं सुचलं. चिंच फोडून झाली होती, कोपऱ्यात चिंचोक्यांचा ढीग होता. मी शंभर मोजून घेतले. त्यांतले चाळीस मागच्या दारच्या पायरीवर घासत बसले, दोन्ही बाजूंनी, वरचं तपकिरी-काळं टरफल जाऊन पांढरे पडेपर्यंत. माझ्या बोटांची सालं निघाली. ते सगळे मी एका पितळी तांब्यात घातले आणि आत्तीपुढे ठेवले.

“ह्या शंभर बायका,” मी म्हणाले. “सगळ्या तुझ्यासारख्या. पांढऱ्यांना गुण आला, काळ्यांना नाही. तू ह्यांतली एक आहेस. कुठली, ते कुणालाच माहीत नाही. औषध घेतल्यावरच कळणार.”

तिनं हात घालून एक काढला. पांढरा. परत टाकून दुसरा काढला. काळा. मग आणखी एक, तोही काळा.

“ह्यातला खरा कुठला?”

“सगळेच खरे. पण तुला एकदाच काढायला मिळणार.”

“आणि पांढरा निघाला तर मी जगली?”

“नाही. पांढऱ्यातल्यासुद्धा मरणार. फक्त थोड्या उशिरा. किती उशिरा, तेपण माहीत नाही.”

एवढं सलग मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले होते. “जरा रडत तरी सांगायचंस की,” आत्ती म्हणाली. मग उठली आणि यंत्र सुरू केलं.

त्या रात्री जेवताना तिनं जाहीर केलं, की ती मुंबईला जाणार नाही. मागच्या औषधाच्या वेळी सहा महिने दवाखान्यात तिला कुणी नावानं हाक मारली नव्हती, ‘चौदा नंबर’ म्हणायचे. तोंड आलेलं, नखं काळी पडलेली, आणि पाणी प्यायलं तरी उलटी. “आता जेवढं दीस हायत तेवढं मी माज्या यंत्रापाशी काढणार,” ती म्हणाली. “चटणीचा हंगाम सोडून मी कुटं जात न्हाई.”

आणि घरात युद्ध पेटलं.

पप्पा दोन दिवस जेवले नाहीत. मम्मीनं गावातल्या लोकांची भीती घातली. लोक म्हणतील, बहिणीच्या जिवावर मोठा झाला आणि वेळ आली तशी तिला मरायला सोडली. सांगलीच्या चुलत्यांचा फोन आला, निपाणीच्या मामांचा आला, ज्यांना कधी बघितलंही नव्हतं त्यांचेही आले, आणि प्रत्येकाला कुणीतरी एक बाई माहीत होती जी अशाच औषधानं ठणठणीत होऊन आता मोटारसायकल चालवत होती. आत्ती फोन कानाला लावून “व्हय, व्हय” म्हणायची आणि ठेवल्यावर माझ्याकडे बघून म्हणायची, “मुके, ह्यास्नी सगळ्यास्नी पांढऱ्याच बायका कशा भेटल्या गं?”

डॉक्टर इनामदार बाईंनाही पप्पांनी फोन लावला. स्पीकरवर. त्यांनी आत्तीला समजावून सांगावं म्हणून. डॉक्टर म्हणाल्या, त्यांनी नीट समजून नको म्हटलं असेल तर तेही बरोबरच आहे, घरी राहूनही दुखणं कमी करायची औषधं देता येतात. पप्पांनी फोन बंद केला आणि म्हणाले, बाई आहे, तिला काय अनुभव.

मग त्यांनी जे केलं ते मी अजून विसरले नाही. एका सकाळी आत्ती शेडमध्ये गेली तर यंत्राचा पट्टा गायब. मोटरपासून मुसळांपर्यंत जो रबरी पट्टा जातो तो. पट्ट्याशिवाय ते यंत्र म्हणजे नुसतं लोखंड. पप्पांनी तो काढून आपल्या गाडीच्या डिकीत घालून कुलूप लावलं होतं.

“मुंबईस्नं आल्यावर लावतो,” ते म्हणाले. “तवर तुला हितं काय काम न्हाई.”

दारात बायका पोती घेऊन उभ्या होत्या. आत्तीला त्यांना परत पाठवावं लागलं. माझ्या जन्मापासून मी तिला कुणाला परत पाठवताना बघितलं नव्हतं. त्या बायका पोती उचलून दुसऱ्या आळीतल्या कांडपाकडे गेल्या, आणि आत्ती रिकाम्या शेडमध्ये खुर्ची टाकून दिवसभर बसली. शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. पप्पा येता-जाता तिच्याकडे बघायचे, डोळे पुसायचे, पण डिकी उघडायचे नाहीत. मम्मी म्हणाली, “वन्सं, त्यांचा जीव तुटतोय हो तुमच्यासाठी.” आत्ती म्हणाली, “व्हय. दिसतंय.”

चार-पाच दिवस असे गेले. मुंबईची तिकिटं आली. पप्पांनी तिकडे खोली ठरवली. आणि निघायच्या आदल्या रविवारी आत्तीनं सगळ्यांना बाहेरच्या सोप्यात बसवलं आणि मला म्हणाली, “मुके, तुजं त्ये चिंचोकं आण. मला समजावलंस तसं ह्यास्नी समजाव. मग मी ठरवती.”

मी तांब्या आणला. आणि खोटं कशाला सांगू, मला मजा आली. घरातली सगळी मोठी माणसं माझ्याकडे बघत होती. मी चिंचोके ओतले, पांढरे-काळे वेगळे करून दाखवले, गुण म्हणजे काय, टिकणं म्हणजे काय, माहीत नाही म्हणजे काय, सगळं सांगितलं. पप्पांनी चिंचोक्यांचे दोन ढीग बघितले, आणि काळ्यांचा ढीग मोठा आहे हे त्यांना पहिल्यांदाच दिसल्यासारखं मला वाटलं. मी सगळे परत तांब्यात भरले आणि हलवले.

“आता मी एक काढती,” आत्ती म्हणाली.

मम्मी एकदम उठली. थांबा म्हणाली. तिनं हातपाय धुतले, तांब्याला हळदीकुंकू लावलं आणि तो पाटावर ठेवला. माझ्या लक्षातच येईना, काय चाललंय. मग पप्पांनी चप्पल दाराबाहेर नेऊन ठेवली, रवळनाथाच्या देवळाच्या दिशेला तोंड केलं आणि हात जोडले, तेव्हा कळलं.

आमच्याकडे देवळात कौल लावतात. देवाच्या अंगावर फुलाच्या कळ्या चिकटवतात, गुरव देवाला प्रश्न सांगतो, आणि सगळे श्वास धरून बसतात. उजवीकडची कळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. जमीन घेताना कौल, पोरगी देताना कौल. पप्पांनी दुसरं दुकान काढायच्या आधी दोन तास देवळात बसून उजवा कौल घेतला होता. एकदा कौल झाला की त्यावर घरात कुणी ब्र काढत नाही.

“हा कौल नाही,” मी म्हणाले. “हे नुसतं उदाहरण आहे. हे काढून काही कळत नाही.”

“गप बस, मुके,” मम्मी म्हणाली.

“देवा, उजवा दे, पांढरा दे,” पप्पा म्हणाले. “माज्या बहिणीला उजवा दे.”

आत्तीनं पदर खांद्यावर घेतला, डोळे मिटले आणि तांब्यात हात घातला. लगेच काढला नाही. आत बोटं हलत होती, चिंचोके खळखळत होते. मम्मीचे ओठ पुटपुटत होते. मग आत्तीनं मूठ बाहेर आणली आणि पप्पांच्या पुढे उघडली.

काळा होता.

मी म्हणाले, परत काढ की, परत काढलास तर पांढरा येईल, मागच्या वेळी आला होता. मम्मीनं माझ्या तोंडावर हात दाबला. कौल दोनदा लावत नाहीत. पप्पा उठले, अनवाणीच बाहेर गेले. डिकी उघडल्याचा आवाज आला. ते पट्टा खांद्यावर टाकून आले, शेडमध्ये गेले आणि यंत्राला तो चढवला. चढवताना ते रडत होते, मोठ्यानं, लहान पोरागत.

आत्ती दुसऱ्या दिवसापासून परत कांडायला लागली.

आणि सगळं खापर फुटलं माझ्यावर. देवाला कोण बोलणार, आणि आत्तीला बोलायची कुणाची छाती. उरली मी. मम्मी भांडी घासताना म्हणायची, “कुठनं सुचलं तुला ते बियांचं.” पप्पांनी माझ्याशी बोलणंच बंद केलं. मीठ पाहिजे असलं तरी मम्मीला सांगायचे, हिला मीठ द्यायला सांग. आजरा काही मोठा नाही. आठवड्यात सगळ्यांना माहीत झालं, की देसायांच्या पोरीनं खेळ मांडला आणि आत्याला डावा कौल आला. शाळेतल्या एका मुलीला तिच्या आईनं सांगितलं, की परीक्षेच्या दिवसांत समृद्धीच्या हातचं काही घेऊ नकोस, पेनसुद्धा. आणि एक दिवस शेडमध्ये एक गिऱ्हाईक बाई माझ्याकडे मान करून आत्तीला म्हणाली, “हीच काय ती पोरगी?”

“व्हय,” आत्ती म्हणाली. “हीच ती.” आणि हसली.

मे महिना संपत आला, पोती कमी झाली. एका दुपारी आत्ती गिऱ्हाइकाशी वाद घालत होती. मिरची ओली आहे, अजून दोन उन्हं दे, असं काहीतरी. तिच्या मांडीवर माझा तो तांब्या होता. वाद घालता घालता तिचा हात तांब्यात जात होता, एकेक चिंचोका काढत होता, काही उजवीकडे टाकत होता, काही डावीकडे. ती तिकडे बघतही नव्हती. गिऱ्हाईक गेलं तेव्हा मी बघितलं. उजवीकडे सगळे पांढरे, डावीकडे सगळे काळे. एकही चुकला नव्हता.

मी दोन्ही ढिगांतला एकेक चिंचोका उचलून बोटांत फिरवला.

“तुला हाताला कळतंय,” मी म्हणाले.

“घासल्याला चिंचोका खरबरीत लागतोय. न घासल्याला गुळगुळीत. आंधळ्याला बी कळंल.”

“म्हणजे त्या दिवशी तू काळा शोधून काढलास.”

“मग काय करू? तुजा बाप माजं ऐकंना, डॉक्टरणीचं ऐकंना. ऐकतोय कुणाचं? देवाचं. मग म्हटलं देवाकडनंच सांगावं.”

“पण सगळी मला बोलतात. पप्पा माझ्याशी बोलत नाहीत.”

“बोलू देत. मी आता थोड्या दिवसांची. तुला लई वरसं हायत, तू सोसशील.”

“तू सांग त्यांना.”

“सांगिटलं की परत मुंबई.” तिनं दोन्ही ढीग एकत्र केले आणि तांब्यात लोटले. “मी मेल्यावर तू सांग. तोंड हाय न्हवं तुला? आता तरी वापर.”

तेव्हा मी तिला जे काही बोलले ते इथे लिहिता येणार नाही. पाच मिनिटं बोलले. शब्द कुठून आले मला ठाऊक नाही, बरेचसे तिचेच होते. शेजारच्या गिरणीतला माणूस बाहेर येऊन बघायला लागला. आत्तीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आवाज गळ्यातनं काढू नगंस, बसंल. पोटातनं काढ.”

त्यानंतर आम्ही रोज भांडायचो. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावरही मी घरी आले की दप्तर टाकून शेडमध्ये जायचे आणि सुरू व्हायचे. ती खुर्चीत बसून, दिवसेंदिवस पिवळी पडत, मला शिकवायची, की समोरच्याला आधी त्याचं म्हणणं संपवू द्यायचं, मग एकाच वाक्यात झोपवायचा. दुसऱ्या आळीतल्या कांडपवाल्याशी एकदा तिनं मलाच भांडायला पाठवलं. मी जिंकून आले. तिनं फक्त विचारलं, किती माणसं जमली होती?

पण ती मला मुकीच म्हणायची. आणि पप्पांना तिनं शेवटपर्यंत काही सांगितलं नाही.

आषाढात ती अंथरुणाला खिळली. शेवटचे दिवस वाईट गेले. डॉक्टरांनी दिलेलं दुखण्याचं औषध आधी पुरायचं, मग पुरेनासं झालं. पोट फुगलं, हातापायांच्या काड्या झाल्या, आणि ती जीभ, जिला अख्खा आजरा भ्यायचा, ती सुजून जाड झाली. मम्मी तिला पुसायची, कपडे बदलायची, आणि कधी तोंड वाकडं केलं नाही तिनं. एका संध्याकाळी मम्मी देवळात गेली होती, पप्पा दुकानात होते. आत्तीनं मला बोटानं जवळ बोलावलं. तिचं बोलणं कळायला कान तोंडाशी न्यावा लागायचा.

“मी पांढरा काडला आसता तर?”

मला वाटलं ती चेष्टा करतेय. पण तिच्या डोळ्यांत भीती होती. तिला भ्यालेलं मी कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे ओळखायला वेळ लागला.

“तर तू मुंबईला गेली असतीस,” मी म्हणाले.

“आणि? गुण आला आसता?”

मी तिचा हात धरला होता. तिनं इतका घट्ट दाबला की तिच्यात एवढी ताकद उरलीय हे मला खरं वाटेना.

“माहीत नाही, आत्ती,” मी म्हणाले.

तिनं हात सोडला नाही. पण परत काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी ती गेली.

बाराव्याला घर पाहुण्यांनी भरलं होतं. सांगलीचे चुलते, निपाणीचे मामा, सगळे फोनवाले. पंगत बसली होती. पप्पा वाढत वाढत सगळ्यांना सांगत होते, की औषध होतं, चाळीस टक्के गुण होते, आमची अक्का पास झाली असती. पण देवानं डावा दिला. मामा म्हणाले, पोरींच्या हातात असल्या गोष्टी द्यायच्याच नसतात. आणि सगळ्या पंगतीनं माझ्याकडे बघितलं. मी ताक वाढत होते.

मी ताकाचं भांडं खाली ठेवलं. “आत्तीनं तो काळा हातानं चाचपून काढला,” मी म्हणाले. “तिला मुंबईला जायचं नव्हतं. तुम्ही ऐकत नव्हता, म्हणून तिनं देवाचं नाव घेतलं. तिनंच मला सांगितलं.” आवाज पोटातून काढला होता, शेवटच्या पानापर्यंत पोचला.

मामा म्हणाले, मेलेल्या बाईवर ढकलायला लाज वाटत नाही. चुलत्यांनी पान सोडलं. मम्मीनं मला ओढत स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावलं. पण तिनं मारलं नाही. ती चुलीकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, “मला वाटलंच हुतं. लई वेळ हात आत हुता.”

पाहुणे गेल्यावर पप्पा आत आले. चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. आवाज अगदी शांत होता.

“खरं हाय?”

“हो.”

“देवानं नेली म्हणून मी गप हुतो,” ते म्हणाले. “देवानं नेली आसती तर मला झोप लागली आसती. आता तिनं मला फशीवलं, आणि का, तर मी पट्टा काढला म्हणून. हे घिऊन मी कुटं जाऊ?”

मम्मीनं त्यांच्यापुढे पाण्याचा पेला धरला. त्यांनी तो घेतला नाही.

“शेवटी काय बोलली का ती? तुज्याजवळ?”

मी सांगितलं. पांढरा काढला असता तर, हे तिनं विचारलं होतं, ते सांगितलं. गुण आला असता का, तेही. पप्पा खाली बसले, जमिनीवरच.

“मग तू काय म्हणालीस?”

“माहीत नाही म्हणाले.”

“मरणाऱ्या माणसाला?” पप्पांनी वर बघितलं. “नसता आला म्हणायचंस. एवढं एक खोटं बोलली आसतीस तर तुजं काय गेलं आसतं?”

“ते तुम्ही बोलला असता,” मी म्हणाले. “म्हणून तिनं तुम्हाला नाही विचारलं.”